तारखेवरून टाइमस्टॅम्प काढताना नेमकं कुठे घसरतं

प्रश्न थोडक्यात असा: एका सीएसव्ही फायलीत तारखा आणि वेळा साध्या मजकुरात आहेत, त्यांचे युनिक्स टाइमस्टॅम्प करून डेटाबेसमध्ये भरायचे आहेत. स्वतःच्या लॅपटॉपवर आकडे बरोबर येतात, तोच प्रोग्राम सर्व्हरवर चालवला की सगळ्या वेळा काही तासांनी सरकतात. ज्या नोंदींत फक्त तारीख आहे त्यांतल्या काही एक दिवस मागे जातात. आणि मूठभर नोंदी थेट जानेवारी १९७० मध्ये जाऊन बसतात.

ही तीन लक्षणं तीन वेगळ्या चुकांची आहेत, म्हणून एकाच ठिकाणी पाच-सहा तास मिळवून किंवा वजा करून सगळं सुटणार नाही. अशी ठोकाठोक केलेला कोड पुढच्या सर्व्हरवर पुन्हा बिघडतो.

युनिक्स टाइमस्टॅम्प म्हणजे १ जानेवारी १९७० रोजी यूटीसीप्रमाणे (जगभर आधार धरलेल्या प्रमाणवेळेप्रमाणे) ००:०० वाजल्यापासूनचे सेकंद, प्रत्येक दिवस बरोबर ८६४०० सेकंदांचा धरून. या आकड्याला टाइमझोन नसतो. 'न्यूयॉर्कचा टाइमस्टॅम्प' किंवा 'लोकल टाइमस्टॅम्प' असं कुणी म्हणालं की समजावं, कुठेतरी ऑफसेट (झोनच्या घड्याळाचा यूटीसीपासूनचा फरक) दोनदा लागला आहे किंवा एकदाही लागलेला नाही. झोन लागतो तो तारखेवरून आकडा करताना आणि आकड्यावरून तारीख दाखवताना. तुमच्या फायलीत '२०२४-०२-२९ १८:४५:१०' एवढंच लिहिलेलं असेल तर तो अजून क्षण नाही. जगात निरनिराळ्या ठिकाणी तो निरनिराळ्या वेळी येऊन गेला. कुठल्या झोनचं घड्याळ, हे फायलीत नसेल तर ती फाइल ज्यांनी बनवली त्यांनाच विचारावं लागतं. प्रोग्रामने ते ओळखण्याचा काही मार्ग नाही. तो गुपचूप मशिनचा झोन धरतो आणि लॅपटॉप व सर्व्हरमधला फरक इथूनच येतो, कारण सर्व्हर बहुधा यूटीसीवर लावलेले असतात.

हिशोब एकदा हाताने

लायब्ररी वापरायचीच आहे, पण एक तारीख कागदावर सोडवली की पुढच्या चुका डोळ्यांना दिसू लागतात. २९ फेब्रुवारी २०२४, १८:४५:१०, यूटीसी घेऊ.

१९७० ते २०२३ ही पूर्ण ५४ वर्षं. ५४ × ३६५ = १९७१०. त्यात १९७२ पासून २०२० पर्यंतची १३ लीप वर्षं, म्हणजे १३ दिवस जास्त: १९७२३. हा १ जानेवारी २०२४ चा दिवसक्रमांक. जानेवारीचे ३१ आणि फेब्रुवारीचे झालेले २८ मिळवले की १९७८२. आता १९७८२ × ८६४०० = १७०९१६४८००, ही त्या दिवसाची यूटीसी मध्यरात्र. १८ तासांचे ६४८००, ४५ मिनिटांचे २७०० आणि वरचे १० मिळून ६७५१० सेकंद. एकूण १७०९२३२३१०.

हीच वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढच्या झोनमधली असेल तर १९८०० सेकंद वजा करायचे: १७०९२१२५१०. इथे चिन्ह उलटं धरणं ही फार नेहमीची चूक. झोन यूटीसीच्या पुढे असेल तर वजाबाकी, मागे असेल तर बेरीज. घड्याळ पुढे आहे म्हणजे यूटीसी त्याच्या मागे आहे, एवढं मनात म्हटलं की पुरतं.

कोणत्याही वर्षासाठी चालेल असं सूत्र हवं असेल (मायक्रोकंट्रोलरवर लायब्ररी नसते तेव्हा हवंच असतं) तर वर्ष मार्चपासून सुरू झालं असं मानायचं. लीप दिवस मग वर्षाच्या अगदी शेवटी जातो आणि मधल्या महिन्यांना त्याचा त्रास होत नाही. हॉवर्ड हिनंट यांच्यामुळे प्रोग्रामरांमध्ये रुळलेली मांडणी अशी, सगळे भागाकार पूर्णांकी:

महिना जानेवारी किंवा फेब्रुवारी असेल तर वर्षातून १ वजा
महिना: मार्च ०, एप्रिल १, … जानेवारी १०, फेब्रुवारी ११
युग = वर्ष ÷ ४००
युगातलं वर्ष = वर्ष − युग × ४००
वर्षातला दिवस = (१५३ × महिना + २) ÷ ५ + तारीख − १
युगातला दिवस = युगातलं वर्ष × ३६५ + युगातलं वर्ष ÷ ४ − युगातलं वर्ष ÷ १०० + वर्षातला दिवस
दिवसक्रमांक = युग × १४६०९७ + युगातला दिवस − ७१९४६८

१५३ ही जादू नाही. मार्च ते जुलै या पाच महिन्यांचे ३१, ३०, ३१, ३०, ३१ मिळून १५३ दिवस होतात आणि ऑगस्ट ते डिसेंबर हाच क्रम पुन्हा येतो. १४६०९७ हे ग्रेगोरियन चारशे वर्षांचे दिवस, आणि ७१९४६८ म्हणजे शून्य सालच्या १ मार्चपासून १ जानेवारी १९७० पर्यंतचं अंतर. आपलीच तारीख घालून बघा: वर्ष २०२३, महिना ११, युग ५, युगातलं वर्ष २३. वर्षातला दिवस १६८५ ÷ ५ + २८ = ३६५. युगातला दिवस ८३९५ + ५ − ० + ३६५ = ८७६५. शेवटी ७३०४८५ + ८७६५ − ७१९४६८ = १९७८२. जुळलं.

या सूत्रात दोन ठिकाणी पाय घसरतो. एक, शतकाची वर्षं. १९०० लीप नव्हतं, २००० होतं, २१०० नसेल. नुसतं चारने भागून लीप ठरवणारा कोड १९०१ ते २०९९ पर्यंत बिनबोभाट चालतो, म्हणूनच तो चाचणीत सापडत नाही. दोन, ऋण संख्या. १९७० च्या आधीच्या क्षणांचे टाइमस्टॅम्प ऋण असतात आणि ते पूर्ण वैध आहेत. −१ म्हणजे ३१ डिसेंबर १९६९, २३:५९:५९. पण सी आणि जावामध्ये पूर्णांकी भागाकार शून्याकडे वळतो, त्यामुळे −१ ÷ ८६४०० हे ० येतं. हवं असतं −१, म्हणजे खालचा पूर्णांक. पायथॉनचं दुहेरी भागाकार चिन्ह खाली वळतं, जावात त्यासाठी फ्लोअरडिव्ह आहे, सीमध्ये स्वतः सांभाळावं लागतं. उलट दिशेने, म्हणजे टाइमस्टॅम्पवरून तारीख काढताना, हीच चूक १९७० पूर्वीच्या तारखा एक दिवस पुढे ढकलते.

फार जुन्या तारखा असतील तर आणखी एक वळण आहे. वरचं सूत्र ग्रेगोरियन नियम मागे ताणत नेतं. प्रत्यक्षात रोममध्ये ४ ऑक्टोबर १५८२ नंतर १५ ऑक्टोबर आला, आणि ब्रिटनमध्ये २ सप्टेंबर १७५२ नंतर १४ सप्टेंबर. जावाचं जुनं ग्रेगोरियनकॅलेंडर १५८२ च्या अलीकडे-पलीकडे कॅलेंडर बदलतं, नवं जावा.टाइम बदलत नाही. ऐतिहासिक नोंदी दोन्हींतून गेल्या की दिवसांचा फरक पडतो.

लीप सेकंदांचं (पृथ्वीच्या फिरण्याशी घड्याळ जुळावं म्हणून मध्येच घातलेल्या जादा सेकंदांचं) भय मात्र बाळगू नका. १९७२ पासून २७ लीप सेकंद घातले गेले, शेवटचा ३१ डिसेंबर २०१६ च्या शेवटी, आणि टाइमस्टॅम्प ते मोजतच नाही. २३:५९:६० हा सेकंद सूत्रात घातला तर १४८३२२८८०० येतो, जो १ जानेवारी २०१७ च्या ००:००:०० चाही आहे. एवढंच लक्षात ठेवा की पायथॉनचा डेटटाइम ६० हा सेकंद स्वीकारत नाही. अशी नोंद आली तर आधीच हाताळावी लागते. जीपीएसचं घड्याळ मात्र हे सेकंद पाळत नाही, म्हणून ते आज यूटीसीच्या १८ सेकंद पुढे आहे. जीपीएस उपकरणाच्या नोंदी बरोबर अठरा सेकंद सरकलेल्या दिसल्या तर कारण हेच.

वाचतानाच होणाऱ्या चुका

हिशोबाच्या आधी मजकुरातून वर्ष, महिना, दिवस नीट निघायला हवेत, आणि निम्मा गोंधळ इथेच होतो. '०३/०४/२०२४' म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च? एकट्या नोंदीवरून कळत नाही, पूर्ण कॉलम बघावा लागतो. पहिल्या जागी १२ हून मोठा आकडा कुठेतरी सापडला तर ती जागा दिवसाची. दोन्ही जागी सापडले तर दोन वेगळ्या ठिकाणच्या फाइली एकत्र चिकटवलेल्या आहेत.

फाइल मध्येच कुणी एक्सेलमध्ये उघडून जतन केली असेल तर जास्त सावध राहा. ज्या तारखा एक्सेलला त्याच्या भाषेच्या सेटिंगप्रमाणे वैध वाटल्या त्या त्याने उलटवून खऱ्या तारखा केल्या, आणि ज्यांत 'महिना' १२ च्या पुढे गेला त्या मजकूर म्हणून तशाच ठेवल्या. कॉलममध्ये काही तारखा उजवीकडे आणि काही डावीकडे चिकटलेल्या दिसतात ती हीच खूण. अशी फाइल दुरुस्त करत बसू नका, मूळ फाइल मागवा.

दोन अंकी वर्षाचा पॉसिक्स (युनिक्स धाटणीच्या प्रणालींचं सामायिक मानक) नियम असा की ६९ ते ९९ म्हणजे १९६९ ते १९९९ आणि ०० ते ६८ म्हणजे २००० ते २०६८. १९६५ साली जन्मलेला माणूस '६५' लिहिला की २०६५ मध्ये जन्मतो. बारा तासांच्या घड्याळात १२:३० एएम म्हणजे ००:३०. पीएम दिसलं की डोळे मिटून १२ मिळवणारा कोड दुपारी १२:३० ला २४:३० करून ठेवतो. जावाच्या फॉरमॅटमध्ये वर्षासाठी स्मॉल वाय लिहायचा असतो. कॅपिटल वाय हे आठवड्यांवरून मोजलेलं वर्ष आहे आणि ३० डिसेंबर २०२४ चं वर्ष ते २०२५ सांगतं. ही चूक वर्षभर झोपून असते आणि डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात जागी होते.

मराठी सेटिंगवरून आलेल्या फायलीत अंक देवनागरी असू शकतात. ब्राउझरला मराठी लोकेल (भाषा आणि प्रदेशाची सेटिंग) देऊन तारीख लिहायला सांगितली की तो '२९/२/२०२४' देवनागरीतच देतो. पायथॉन आणि जावा हे अंक पूर्णांकात नीट बदलतात, जावास्क्रिप्टचं नंबर फंक्शन मात्र 'संख्या नाही' म्हणून हात वर करतं. वाचण्यापूर्वी अंक बदलून घेणारी एक ओळ टाकली की काम भागतं.

झोनचं प्रकरण

तीन अक्षरी संक्षेपांवर विश्वास ठेवू नका. 'आयएसटी' हे भारत, इस्रायल आणि आयर्लंड या तिन्ही ठिकाणच्या वेळेचं नाव आहे. लायब्ररी त्यातलं कोणतं धरेल हे तिच्या मर्जीवर. 'ईटीसी/जीएमटी+५' अशी नावंही टाळा, कारण तिथे चिन्ह उलटं आहे: +५ म्हणजे यूटीसीच्या पाच तास मागे. ही पॉसिक्सची जुनी रीत आहे आणि तिने अनेकांना दहा तासांचा फटका दिला आहे. मजकुरात स्पष्ट ऑफसेट असेल, म्हणजे शेवटी '+०५:३०' किंवा यूटीसीचं झेड असेल, तर उत्तम. नसेल तर 'अमेरिका/न्यूयॉर्क' अशा धाटणीचं पूर्ण झोननाव वापरा.

ही नावं आयएएनए या इंटरनेटची नावं-क्रमांक सांभाळणाऱ्या संस्थेच्या टाइमझोन डेटाबेसमधली. त्यात प्रत्येक ठिकाणच्या घड्याळाचा इतिहास आहे, आणि तो लागतो. लंडन म्हणजे शून्य ऑफसेट असं समजून चाचणी करणाऱ्यांना टाइमस्टॅम्प ० लंडनमध्ये रात्री १ वाजता दिसतो. ब्रिटनने १९६८ ते ऑक्टोबर १९७१ या काळात बाराही महिने एक तास पुढचं घड्याळ ठेवलं होतं. कोड बरोबर असतो, चाचणी चुकीची असते. तासांतच विचार करणारा कोडही चालत नाही: भारत साडेपाच, नेपाळ पावणेसहा, न्यूझीलंडची चॅटम बेटं पावणेतेरा तास पुढे आहेत.

उन्हाळी वेळ (उन्हाळ्यापुरतं घड्याळ पुढे करण्याची रीत) असलेल्या झोनमध्ये वर्षातून एकदा एक तास गायब होतो आणि एकदा एक तास दोनदा येतो. न्यूयॉर्कमध्ये १० मार्च २०२४ रोजी पहाटे २ नंतर घड्याळ थेट ३ वर गेलं, म्हणजे २:३० वाजलेच नाहीत. ३ नोव्हेंबर २०२४ रोजी १:३० दोनदा वाजले: एकदा १७३०६११८००, दुसऱ्यांदा १७३०६१५४००. फायलीत नुसतं '१:३०' असेल तर यातलं कोणतं हे कोणतीही लायब्ररी सांगू शकत नाही, ती फक्त एक निवडते. जावाचं लोकलडेटटाइम झोनमध्ये नेताना दोनदा आलेल्या वेळेतली पहिली घेतं आणि गायब वेळ अंतराएवढी पुढे सरकवतं. पायथॉनमध्ये फोल्ड नावाचा गुण ० म्हणजे पहिली, १ म्हणजे दुसरी. गायब वेळेबद्दल पायथॉन चकार शब्द काढत नाही.

म्हणून गायब वेळ ओळखायची एक खात्रीची युक्ती: तारखेचा टाइमस्टॅम्प करा, तो परत त्याच झोनमध्ये तारखेत बदला, आणि मूळ मजकुराशी ताडा. न्यूयॉर्कची १० मार्चची २:३० ही वेळ १७१००५५८०० होते आणि परत येताना ३:३० म्हणून येते. जुळलं नाही म्हणजे ती वेळ त्या घड्याळात कधी वाजलीच नव्हती. आयात करताना ही फेरी प्रत्येक नोंदीवर चालवा, फार वेळ लागत नाही. न जुळलेल्या नोंदी वेगळ्या फायलीत काढून माणसाला दाखवा; गुपचूप दुरुस्त करू नका.

दिवसाची सुरुवात ००:०० ला होते हेही गृहीत धरू नका. ब्राझीलमध्ये उन्हाळी वेळ मध्यरात्री लागायची. साओ पावलोत ४ नोव्हेंबर २०१८ हा दिवस ०१:०० ला सुरू झाला. सामोआत तर ३० डिसेंबर २०११ हा अख्खा दिवस आलाच नाही. दिवसभराच्या नोंदी शोधायच्या असतील तर सुरुवातीच्या टाइमस्टॅम्पमध्ये ८६४०० मिळवू नका. त्या दिवसाची सुरुवात आणि पुढच्या तारखेची सुरुवात स्वतंत्रपणे काढा, पहिली धरून आणि दुसरी सोडून शोधा. न्यूयॉर्कचा १० मार्च २०२४ हा १७१००४६८०० ते १७१०१२९६०० म्हणजे ८२८०० सेकंदांचा, तेवीस तासांचाच दिवस होता. २३:५९:५९ पर्यंत शोधणं तर दुहेरी चूक, कारण शेवटच्या सेकंदातल्या मिलिसेकंदांच्या नोंदी गळतात.

झोनचा डेटाबेस ताजा ठेवावा लागतो. सरकारं नियम बदलतात. मेक्सिकोने ऑक्टोबर २०२२ मध्ये बहुतेक देशात उन्हाळी वेळ बंद केली. जुना डेटाबेस असलेला सर्व्हर त्यानंतरच्या उन्हाळ्यांत तिथल्या वेळा एक तास चुकवतो. आणि एकाच मशिनवर या डेटाबेसच्या दोन-तीन प्रती असतात: ऑपरेटिंग सिस्टिमची एक, जावाची स्वतःची एक. एक अद्ययावत केली म्हणजे दुसरी झाली असं नाही.

कोणत्या साधनात काय सांभाळायचं

सीमध्ये एमकेटाइम हे लोकल झोन धरतं, टाइमजीएम हे यूटीसी. महिना ० पासून आणि वर्ष १९०० वजा करून द्यायचं. उन्हाळी वेळेचा जो टीएम_आयएसडीएसटी रकाना आहे त्यात −१ घाला, म्हणजे सिस्टिम स्वतः ठरवते. ० ठेवला तर उन्हाळ्यातल्या वेळा तासाने चुकतात, आणि तो रकाना न भरता सोडला तर मेमरीत जे पडलं असेल ते लागू होतं. एमकेटाइम ३० फेब्रुवारी दिली तरी कुरकुर न करता १ किंवा २ मार्च करून देतं, म्हणून तारीख वैध आहे का हे आधी तपासा. चूक झाली की ते −१ परत देतं, जो खरा टाइमस्टॅम्पही असू शकतो.

पायथॉनमध्ये मजकूर वाचून आलेला डेटटाइम झोन नसलेला असतो, आणि त्यावर टाइमस्टॅम्प मागितला की तो मशिनचा लोकल झोन धरतो. तुमच्या पहिल्या लक्षणाचं मूळ बहुधा हेच. रिप्लेस वापरून झोनइन्फोचा झोन चिकटवा, मग टाइमस्टॅम्प काढा. यूटीसीनाउ वापरू नका. ते यूटीसीची वेळ देतं पण झोनची चिठ्ठी न लावता, त्यामुळे पुढची पायरी तिला लोकल समजते. पायथॉन ३.१२ पासून ते नापसंत ठरवलं आहे. जुन्या कोडमध्ये पायटीझेड असेल तर रिप्लेस चालत नाही, लोकलाइझ लागतं. नाहीतर न्यूयॉर्कचा ऑफसेट चार तास छप्पन्न मिनिटं असा विचित्र येतो. ही रेल्वेपूर्व काळातली स्थानिक सौर वेळ आहे. मिनिटांचा असा विक्षिप्त फरक दिसला की इतरत्र शोधत बसू नका.

जावास्क्रिप्टमध्ये दुसरं लक्षण जन्माला येतं. आयएसओ पद्धतीची नुसती तारीख, '२०२४-०२-२९', ही भाषा यूटीसी मध्यरात्र समजते. त्याच तारखेला वेळ जोडली आणि ऑफसेट दिला नाही तर ती लोकल समजते. यूटीसीच्या मागे असलेल्या झोनमध्ये पहिली तारीख २८ फेब्रुवारीची संध्याकाळ म्हणून दिसते, आणि 'एक दिवस मागे' गेलेल्या नोंदी बहुधा अशाच असतात. आकडे सुटे देऊन तारीख बनवायची तर डेट.यूटीसी वापरा, आणि महिना ० पासून मोजा. मिळतात ते मिलिसेकंद. १००० ने भागून खालचा पूर्णांक घ्या.

पोस्टग्रेसमध्ये 'टाइमझोनसह टाइमस्टॅम्प' हा प्रकार झोन साठवत नाही, क्षण साठवतो. नाव फसवं आहे. त्यावर इपॉक (१९७० पासूनचे सेकंद) काढला की खरा टाइमस्टॅम्प मिळतो. झोनविना प्रकारावर काढला तर लिहिलेली वेळ यूटीसीच आहे असं धरलं जातं. मायएसक्यूएलचं युनिक्स_टाइमस्टॅम्प फंक्शन सेशनचा झोन धरतं, म्हणून जोडणी उघडताच झोन स्पष्ट लावा. एसक्यूलाइट काहीच सांगितलं नाही तर यूटीसी धरतं.

कमांड लाइनवर जीएनयूच्या डेटला यूटीसीचा पर्याय दिला की काम चोख होतं. मॅकवरची डेट बीएसडीची आहे आणि ती एक खोडी करते: फक्त तारीख दिली तर तास, मिनिटं, सेकंद आत्ताच्या घड्याळाचे भरते. एकच कमांड दोनदा चालवून दोन उत्तरं आली तर हे कारण. वेळ ००:००:०० अशी स्पष्ट लिहा.

एक्सेलमध्ये १ जानेवारी १९७० चा क्रमांक २५५६९ आहे, म्हणून सूत्र (ए२ − २५५६९) × ८६४००, आणि बाहेरून राउंड, नाहीतर अपूर्णांकामुळे सेकंद कमी पडतो. २९ फेब्रुवारी २०२४ चा क्रमांक ४५३५१ येतो. वजा २५५६९ केलं की आपले १९७८२. मार्च १९०० च्या आधी हे सूत्र एक दिवसाने चुकतं, कारण लोटस १-२-३ शी जुळावं म्हणून एक्सेलने २९ फेब्रुवारी १९०० हा न घडलेला दिवस धरून ठेवला आहे. फाइल १९०४ पद्धतीची असेल तर २५५६९ ऐवजी २४१०७. झोनचं एक्सेलला काहीच ठाऊक नसतं, तो ऑफसेट स्वतः वजा करायचा.

जानेवारी १९७० मध्ये गेलेल्या नोंदी

इथे दोन शक्यता. तारीख बरोबर १ जानेवारी १९७० (किंवा पश्चिमेकडच्या झोनमध्ये ३१ डिसेंबर १९६९) दिसत असेल तर रकाना रिकामा होता किंवा वाचताना चूक होऊन ० भरला गेला. मायएसक्यूएलचं वरचं फंक्शन कक्षेबाहेरच्या तारखेला ० च देतं. रिकाम्याला नल ठेवा, ० नको.

तारीख २० जानेवारी १९७० च्या आसपास असेल तर सेकंद मिलिसेकंद म्हणून वाचले गेले. आपला १७०९२३२३१० हा आकडा मिलिसेकंद समजला तर २० जानेवारी १९७०, १८:४७:१२ येतो. उलट झालं तर वर्ष ५६१३३ दिसतं. अंक मोजले की एकक कळतं: सध्याच्या काळासाठी दहा अंकी म्हणजे सेकंद, तेरा अंकी मिलिसेकंद, सोळा अंकी मायक्रोसेकंद, एकोणीस अंकी नॅनोसेकंद. पण कोडमध्ये अंक मोजून एकक ठरवू नका. सेकंदांचे दहा अंक ९ सप्टेंबर २००१ पासूनच सुरू होतात, त्याआधीच्या तारखा नऊ किंवा कमी अंकी आहेत आणि जुन्या नोंदी फसतात. कॉलमच्या नावातच एकक लिहा.

आकडा यांपैकी कशातच बसत नसेल तर गणना दुसऱ्याच दिवसापासून असेल. विंडोजची फाइलवेळ १ जानेवारी १६०१ पासून शंभर नॅनोसेकंदांत मोजते: एक कोटीने भागा, ११६४४४७३६०० वजा करा. एनटीपी (नेटवर्कवरून घड्याळं जुळवण्याची पद्धत) १९०० पासून मोजतो, तिथे २२०८९८८८०० वजा. ॲपलची २००१ पासूनची वेळ असेल तर ९७८३०७२०० मिळवा.

साठवायचा कॉलम ६४ बिटचा घ्या. ३२ बिट सचिन्ह पूर्णांक १९ जानेवारी २०३८, ०३:१४:०७ यूटीसीला २१४७४८३६४७ वर संपतो आणि पुढच्या सेकंदाला १३ डिसेंबर १९०१ मध्ये उडी मारतो. मायएसक्यूएलचा टाइमस्टॅम्प प्रकार आजही त्याच दिवशी संपतो. मुदतीच्या तारखा, वीस वर्षांची कर्जं, प्रमाणपत्रं यांना हा काठ आताच लागतो.

काही तारखांचा टाइमस्टॅम्प करूच नये. जन्मतारीख हा क्षण नाही, तिला तारीख प्रकारातच ठेवा. मध्यरात्रीचा टाइमस्टॅम्प केला की पाहणाऱ्याच्या झोननुसार माणसाचा वाढदिवस बदलतो. पुढच्या वर्षीच्या भेटीची वेळही लिहिलेली स्थानिक वेळ आणि झोननाव अशी ठेवा, आकडा जोडीला हवा तर ठेवा. मधल्या काळात त्या देशाने नियम बदलला तर भेट दहा वाजताच व्हायची असते, आकड्यातून मात्र ती नऊ किंवा अकराला निघते.

आयात चालवण्यापूर्वी हे यूटीसीतले आकडे तुमच्या कोडमधून काढून बघा: ३१ डिसेंबर १९६९, २३:५९:५९ ला −१, २९ फेब्रुवारी २००० ला ९५१७८२४००, १९ जानेवारी २०३८, ०३:१४:०८ ला २१४७४८३६४८, १ मार्च २१०० ला ४१०७५४२४००. मग मशिनचा झोन न्यूयॉर्क करून तीच चाचणी पुन्हा चालवा. एकही आकडा हलला तर कोडमध्ये कुठेतरी लोकल झोन अजून शिल्लक आहे.